अलास्काच्या बोटीवरून ठाण्याला पत्र कसे पाठवावे

ठाण्यातील आणि नवी मुंबईतील पुष्कळ घरांतील मुलगा किंवा मुलगी आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकरीला असते, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांना मुले एकदा तरी अलास्काच्या बोटीवर पाठवतात. कोणी सिॲटलहून सुटणाऱ्या आठवडाभराच्या क्रूझने जातात, तर कोणी बेलिंगहॅमहून निघणाऱ्या, अलास्का राज्य सरकारच्या फेरीबोटीने जातात. वाट कोणतीही घेतली, तरी बेटांच्या आणि डोंगरांच्या मधून जाणाऱ्या या जलमार्गावर तासन् तास एकही गाव दिसत नाही, काठावर रस्ता नसतो आणि फोनला रेंज फक्त गावाजवळ येते. अशा प्रवासातून घरी पत्र पाठवण्याची ज्यांची इच्छा आहे, परंतु तिकीट कोणते लावायचे, पत्ता कसा घालायचा आणि मुळात लिहायचे काय, हे ज्यांना नेमके माहीत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी एकतीस वर्षे टपाल खात्यात काढली, त्यांपैकी बरीच सॉर्टिंगच्या टेबलापाशी, आणि निवृत्तीनंतर यजमानांबरोबर हा प्रवास दोनदा केला. एकदा क्रूझने आणि एकदा फेरीबोटीने. त्यामुळे पत्र टाकणाऱ्याच्या आणि पत्र पोचवणाऱ्याच्या, अशा दोन्ही बाजूंच्या चुका मला ठाऊक आहेत, आणि त्यांतील काही माझ्या स्वतःच्या आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. अलास्कातून टाकलेले पत्र ठाण्यात पोचायला तीन आठवडे धरावेत. कधी कमी लागतात, कधी बरेच जास्त. म्हणजे बहुतेक वेळा तुमचा प्रवास संपून गेल्यावर, आणि कित्येकदा तुम्ही स्वतः घरी परतल्यावर, ते पत्र दारात येणार आहे. "आम्ही सुखरूप आहोत, काळजी नसावी" हे कळवण्याचे काम फोनवरच उरकावे. पत्राचे काम वेगळे आहे, आणि ते काय, हे पुढे लिहिण्याच्या टप्प्यावर सविस्तर सांगते.

पहिली पायरी: पत्ते ठाण्यातच तयार करणे

हे काम विमानात बसण्यापूर्वी करावे. ज्यांना पत्रे पाठवायची आहेत त्यांची यादी करून प्रत्येकाचा पूर्ण पत्ता त्यांच्याकडूनच विचारून घ्यावा, कारण वर्षानुवर्षे ज्या घरी आपण जातो-येतो त्या घराचा टपालाचा पत्ता आपल्याला क्वचितच पुरता माहीत असतो. माझ्या सख्ख्या बहिणीच्या इमारतीचे नाव पुनर्विकासानंतर बदलले होते, आणि मी चार वर्षे जुनेच नाव सांगत होते.

पत्त्यात सर्वांत महत्त्वाचा आहे तो पिन कोड. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते, हे आमच्या खात्यातील लोक आजही अभिमानाने सांगतात. देशात एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा, या अडचणीवर त्यांनी आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा विभागाचा असतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून बटवडा करणारे टपाल कार्यालय कळते. तेव्हा नुसते "ठाणे (पश्चिम)" लिहून भागत नाही: ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ४००६०१ आहे, नौपाड्याचा ४००६०२, आणि पूर्वेकडील कोपरीचा ४००६०३. शेवटचा आकडा चुकला तर पत्र रुळांच्या पलीकडे जाते आणि परत यायला दोन-तीन दिवस घेते.

नवी मुंबईच्या पत्त्यांत याहून मोठी गफलत होते. तेथील माणसे बोलताना "सेक्टर पंधरा, प्लॉट अमुक" एवढेच सांगतात, आणि त्यांना ते पुरतेही. परंतु सेक्टर पंधरा वाशीतही आहे आणि नेरूळमध्येही आहे. सेक्टरच्या आधी किंवा नंतर वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर असे नोडचे नाव लिहिलेच पाहिजे, आणि पिन त्याच नोडचा असला पाहिजे: वाशीला ४००७०३, नेरूळला ४००७०६. खारघरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्याचा पिन ४१०२१० आहे. चारशेने सुरू होणारा आकडा सवयीने लिहून मोकळे होणारे पुष्कळ जण मी टेबलावर पाहिले आहेत.

पत्ता रोमन अक्षरांत लिहावा. अमेरिकेच्या टपाल खात्याला शेवटच्या ओळीत देशाचे नाव इंग्रजीत आणि मोठ्या अक्षरांत लागते. त्या ओळीत "इंडिया" या एका शब्दाखेरीज काहीही नसावे, आणि गाव व पिन त्याच्या वरच्या ओळीत यावेत. तेथील यंत्र फक्त ती शेवटची ओळ पाहून पत्र कोणत्या पोत्यात घालायचे ते ठरवते. बाकीचे सारे आपल्याकडे वाचले जाते. पोस्टमनच्या सोयीसाठी कोणी तोच पत्ता खाली देवनागरीतही लिहितात. त्यास हरकत नाही, पण मग देशाची ओळ शेवटची राहत नाही, म्हणून देवनागरी पत्ता वर आणि रोमन पत्ता खाली ठेवावा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे हे पत्ते चिकटणाऱ्या कागदावर छापून, प्रत्येकाचे दोन-तीन, पासपोर्टच्या पिशवीत ठेवून द्यावेत. हलत्या बोटीवर हाताने पत्ता लिहिण्याचा त्रास वाचतो आणि अक्षर वाचता न येण्याचा प्रश्न राहत नाही.

दुसरी पायरी: पेन, कागद आणि पाऊस

साधे बॉलपेन घ्यावे, शक्यतो दोन. जेलपेन आणि शाईचे पेन घरी ठेवावे. यामागे कारण आहे. या मार्गावरचे केचिकान हे गाव वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस झेलते, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, तर बाराही महिने भुरभुरत राहतो. आपण जुलैत ठाण्याचा पाऊस पाहिलेला असतो, म्हणून आपल्याला वाटते की हा काय पाऊस. पण डेकवर उभे राहून लिहिताना तो कार्डावर कधी बसला ते कळतही नाही. जेलपेनची शाई पाण्यात पसरते, बॉलपेनची तेलकट असल्याने टिकते. शिवाय चकचकीत चित्रकार्डावर जेल लवकर वाळत नाही. पहिल्या प्रवासात मी नातवाला लिहिलेल्या कार्डावरची देवमाशाची गोष्ट माझ्याच तळहातावर उमटली होती.

पाकिटातून पत्र पाठवायचे असेल, तर कागद पातळ घ्यावा. पुढे सांगितलेल्या एका तिकिटात २८ ग्रॅम वजन जाते. नेहमीच्या छपाईचा ए-फोर कागद पाच ग्रॅम भरतो, म्हणजे पाकिटासह चार कागद निर्धास्त बसतात. याहून लांब पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीस मी अडवणार नाही, पण तिने ते टपाल कार्यालयात वजन करून टाकावे. कार्डे, पत्ते आणि तिकिटे झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावीत; डिंकाच्या बाजूने दमट हवा लागली की पाकीट लिहिण्यापूर्वीच बंद होऊन बसते.

तिसरी पायरी: तिकिटे

अमेरिकेबाहेर जाणाऱ्या पत्रासाठी तेथील टपाल खाते "ग्लोबल फॉरेव्हर" नावाचे गोल तिकीट विकते. २०१३ पासून हे तिकीट आहे. एक औंसापर्यंतचे, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचे पत्र किंवा एक चित्रकार्ड त्यावर जगात कोठेही जाते, आणि पुढे दर वाढला तरी आधी घेतलेले तिकीट चालते. किंमत दीड ते दोन डॉलरच्या दरम्यान आहे. कार्डाला आणि हलक्या पत्राला एकच तिकीट लागत असल्याने, ज्यांना भरपूर लिहायचे आहे त्यांनी कार्ड सोडून पाकीटच धरावे, हे माझे खात्यातील काटकसरी मन सांगते. ही तिकिटे बोटीवर चढण्यापूर्वी मुलांच्या गावातील टपाल कार्यालयातून घ्यावीत. बंदरावरील भेटवस्तूंच्या दुकानात कार्डे मिळतात. तिकिटे मिळतीलच असे नाही, आणि मिळाली तरी ती देशांतर्गत टपालाची असू शकतात. ती चौकोनी तिकिटे एकटी लावली तर पैसे कमी पडतात.

आता माझी चूक. सिॲटलहून निघणाऱ्या क्रूझ बहुतेक परतीच्या वाटेवर कॅनडातील व्हिक्टोरिया बंदराला संध्याकाळी थांबतात. त्याचे कारण जुन्या कायद्यात आहे: परदेशी निशाणाच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन केवळ अमेरिकेतीलच बंदरे करू नयेत, असे १८८६ चा कायदा सांगतो, म्हणून वाटेत एक परके बंदर घ्यावे लागते. आपल्याला ते परके वाटत नाही, कारण बोट तीच, भाषा तीच आणि रस्तेही तसेच. मी माझ्या वहीतील सात क्रमांकाचे कार्ड अमेरिकेचे गोल तिकीट लावून तेथील लाल पेटीत टाकले, आणि पेटी लाल दिसल्यामुळे मला घरी आल्यासारखे वाटून उलट आनंदच झाला. कॅनडाच्या पेटीत कॅनडाचेच तिकीट चालते, हे मला, एकतीस वर्षे टपालात काढलेल्या बाईला, बोटीवर परत आल्यानंतर आठवले. अमेरिकेची पेटी निळी असते. निळी दिसली नाही तर कार्ड हातातच ठेवावे.

क्रूझच्या स्वागतकक्षात पत्रे देण्याचीही सोय असते. ती मी एकदा वापरली आणि ती पत्रे नऊ आठवड्यांनी पोचली, बहुधा कोणाच्या तरी खणात राहून गेल्यामुळे. स्वतः चालत जाऊन पेटीत टाकणे बरे.

चौथी पायरी: कोठे लिहायचे आणि कोठे टाकायचे

सगळा मार्ग सारखा शांत नाही, आणि ज्यांना बोट लागते त्यांनी हे आधी समजून घेतलेले बरे. बेलिंगहॅमहून निघालेली फेरीबोट केचिकानला पोचायला सुमारे अडतीस तास घेते. त्यातील बहुतेक वाट बेटांच्या आडोशाने जाते आणि पाणी तलावासारखे असते, पण क्वीन शार्लट साउंड या पट्ट्यात पॅसिफिक महासागर थेट आत येतो आणि काही तास बोट डोलते. या तासांत मान खाली घालून लिहिणे म्हणजे मळमळ ओढवून घेणे आहे. क्षितिजाकडे पाहत बसावे, आल्याची वडी तोंडात ठेवावी आणि लिहिणे दुसऱ्या दिवसावर टाकावे. सिॲटलच्या क्रूझ पुष्कळदा व्हँकूवर बेटाच्या बाहेरच्या बाजूने, उघड्या समुद्रातून जातात, म्हणून त्यांचा पहिला पूर्ण दिवसच असा जाऊ शकतो.

लिहिण्यास उत्तम जागा फेरीबोटीवर वरच्या डेकवरील काचेच्या छपराची बैठक आहे. तेथे वरून तापणारे दिवे असतात, आणि तरुण मुले डेकला चिकटपट्टीने तंबू चिकटवून तेथेच झोपतात, जे पाहून यजमानांना गणपतीच्या मंडपाची आठवण झाली. उन्हाळ्यात उजेडाची चिंता नसते: जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जूनो येथे दिवस अठरा तासांहून मोठा असतो आणि रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही. मात्र याचा तोटाही आहे. उजेड आहे म्हणून माणूस जागा राहतो आणि तारखेचा हिशेब सुटतो. उन्हाळ्यात अलास्का ठाण्याच्या साडेतेरा तास मागे असते. तेथे मंगळवारी रात्री आठ वाजता तुम्ही लिहायला बसता, तेव्हा घरी बुधवारी सकाळी साडेनऊला कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. पत्रावर वार आणि स्थळ अवश्य घालावे, आणि महिना अक्षरांत लिहावा. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, त्यामुळे नुसते आकडे घातले, तर शिक्क्यावरची तारीख आणि तुमची तारीख यांचा मेळ घरच्यांना लागत नाही.

पत्र टाकण्याच्या बाबतीत नियम साधा आहे: जेथे बोट कामाच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी लागते, अशा पहिल्या अमेरिकन बंदरात जमलेली सर्व पत्रे टाकावीत, शेवटच्या बंदरासाठी राखून ठेवू नयेत. केचिकानचे मुख्य टपाल कार्यालय फेरीबोटीच्या धक्क्याजवळच आहे, परंतु क्रूझ लागतात त्या बाजारपेठेपासून ते दूर पडते. जूनो ही राज्याची राजधानी असूनही तेथे बाहेरून एकही रस्ता येत नाही; तुमचे पत्रही तेथून विमानाने किंवा बोटीनेच निघते. स्कॅग्वे हे जेमतेम हजार वस्तीचे गाव, पण १८९७-९८ मध्ये कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्यासाठी निघालेले हजारो लोक येथूनच डोंगर चढले, आणि पलीकडे डॉसनला पोचल्यावर घरच्या टपालासाठी तासन् तास रांगेत उभे राहिले. मी स्कॅग्वेच्या टपाल कार्यालयाच्या खिडकीपाशी आठ मिनिटे उभी होते, तर यजमान घड्याळ दाखवू लागले.

घरच्यांकडून उलट पत्र हवे असेल, तर त्याचीही सोय आहे. पाकिटावर तुमचे नाव, त्याखाली "जनरल डिलिव्हरी", मग गाव आणि तेथील झिप कोड, म्हणजे अमेरिकेतील पिन, घातला, की ते टपाल कार्यालय पत्र काही दिवस सांभाळून ठेवते आणि पासपोर्ट दाखवल्यावर देते. जूनोचा झिप कोड ९९८०१ आहे. ठाण्याहून हे पत्र तुमच्या निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी पडले पाहिजे, म्हणून ही सोय एखाद्या गावी मुक्काम करणाऱ्यांनाच उपयोगी आहे.

पाचवी पायरी: मायना आणि मजकूर

मायन्याची लाज बाळगू नये. वर "॥ श्री ॥", उजवीकडे स्थळ आणि वार, मग वडिलधाऱ्यांना "तीर्थरूप" आणि "शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष", लहानांना "चिरंजीव" आणि "अनेक उत्तम आशीर्वाद", हे सगळे चित्रकार्डावर जागा खाते हे खरे, त्यासाठीच "ती.", "चि.", "वि. वि." ही संक्षिप्त रूपे आपल्या लोकांनी पूर्वीच करून ठेवली आहेत. ऐंशी वर्षांच्या बाईला "हाय आई" असे सुरू होणारे कार्ड आले, तर ती ते वाचेल, पण देवघराशेजारच्या फळीवर ठेवणार नाही.

मजकुराबद्दल माझे मत ठाम आहे. पत्र एका माणसाला लिहावे आणि त्यात एकच गोष्ट लिहावी. "सर्वांना" लिहिलेले पत्र सोसायटीच्या सूचनाफलकासारखे होते. सात दिवसांचा सारा वृत्तांत, "मग आम्ही नाश्ता केला, मग आम्ही बंदरावर उतरलो" असा लिहिला, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. "अप्रतिम", "नयनरम्य" आणि "शब्दांत सांगता येत नाही" ही तीन तर कार्डावरून हद्दपारच करावीत. जागा अपुरी असते. फोटो त्यांनी आधीच पाहिलेले असतात. फोटोत जे येत नाही, म्हणजे आवाज, थंडी, वास, वेळ आणि ते पाहताना त्या विशिष्ट माणसाची आठवण का आली, एवढे पत्रात यावे.

फेरीबोट पीटर्सबर्ग गावाच्या अलीकडे रँगल नॅरोज नावाच्या, सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या चिंचोळ्या वाटेतून जाते. मोठ्या क्रूझना ती वाट झेपत नाही. दोन्ही काठ हाताशी येतात आणि वाट दाखवणारे साठेक तांबडे-हिरवे दिवे ओलांडत बोट वळणे घेत पुढे सरकते. तेथून मी सासूबाईंना, पाचपाखाडीला, पाठवलेले कार्ड त्यांनी जपून ठेवल्यामुळे मला येथे जसेच्या तसे उतरवता येते:

"॥ श्री ॥ बोटीवरून, मंगळवार. ती. आईंस शि. सा. नमस्कार वि. वि. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत आणि मी डेकवर दिव्याशिवाय लिहीत आहे. बोट एवढ्या अरुंद पाण्यातून चालली आहे की गायमुखाची खाडी आठवावी. एकामागून एक दिवा येतो आणि प्रत्येक दिव्यापाशी बोट जराशी वळते. आत्ता काठावरच्या एका घरात एक बाई खिडकीशी भांडी घासताना दिसली. ह्यांनी हात केला, तिनेही फेसाचा हात वर केला. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून खालच्या भाजीवाल्याला असाच ओला हात दाखवता. थंडी आहे, शाल उपयोगी पडली. कळावे, लोभ असावा."

या कार्डात हिमनदी नाही, देवमासा नाही आणि ज्या गावाला आम्ही चाललो होतो त्याचे नावही नाही. सासूबाईंनी ते शेजारणीला चार वेळा वाचून दाखवले, आणि प्रत्येक वेळी "ओला हात" या शब्दांपाशी थांबल्या, असे नणंदेने मला नंतर सांगितले. शाल त्यांचीच होती.

वाचणाऱ्याप्रमाणे गोष्ट निवडण्यासाठी आणखी दोन-तीन उदाहरणे देते. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला मी भरती-ओहोटी लिहिली: केचिकानला पाणी सहा मीटरपर्यंत चढते-उतरते, त्यामुळे सकाळी आम्ही मच्छीमारांच्या तरंगत्या धक्क्यावर सपाट फळीवरून उतरलो आणि दुपारी तीच फळी जिन्यासारखी उभी झाली होती. तिने उत्तरादाखल फोन करून विचारले, की मग तेथे जाळी कोठे वाळत घालतात. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, पण तिच्या प्रश्नावरून पत्र योग्य माणसाला गेले हे कळले.

नातवाला मी ग्लेशियर बे लिहिली. १७९४ मध्ये व्हँकूवर या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेतील लोक तेथे आले, तेव्हा खाडी अशी जवळजवळ नव्हतीच, तोंडापर्यंत बर्फ भरलेले होते. आज ते बर्फ सुमारे शंभर किलोमीटर मागे गेले आहे. मुलाला शंभर किलोमीटर म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून मी लिहिले, की ठाणे स्टेशनाला उभे राहावे आणि बर्फाचा कडा इगतपुरीला दिसावा, एवढे. त्याखाली आवाजाची गंमत लिहिली: हिमनदीचा तुकडा पडताना आधी नुसता दिसतो, अगदी मुका, आणि दीड सेकंदाने, बोट त्यापासून अर्धा किलोमीटर दूर असल्यामुळे, गडगडाट येतो. हे त्याने दिवाळीत गच्चीवरून लांबचे फटाके पाहत स्वतः मोजून पाहिले.

प्रश्न विचारू नयेत. "बाबांचा खोकला कसा आहे?" हे वाक्य तीन आठवड्यांनी पोचते, तेव्हा खोकला गेलेला असतो किंवा वाढलेला असतो, आणि दोन्ही वेळा ते वाचायला विचित्र वाटते. स्वतःच्या आजाराबद्दलही लिहू नये. ताप तुम्हाला मंगळवारी येतो आणि गुरुवारी जातो, पण पत्र पोचते त्या दिवशी वाचणाऱ्याच्या मनात तो नव्याने चढतो. ताजा कलम मात्र अवश्य लिहावा. "ता. क." नंतरची ओळ लोक सर्वांत आधी वाचतात, हे मी माझ्या घरी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

कार्डाच्या खालच्या बाजूची सुमारे दीड सेंटिमीटर जागा दोन्हीकडे कोरी सोडावी. अमेरिकेतील सॉर्टिंगची यंत्रे तेथे बारकोड छापतात, आणि माझ्या एका कार्डावरील "लोभ असावा" त्याखाली गडप झाले होते. पत्त्याच्या वर, डावीकडे, विमानाने पाठवण्याची खूण म्हणून रोमन अक्षरांत "एअर मेल" लिहावे.

पाकिटात काय घालू नये

येथे प्रेमळ आजी-आजोबा अडचणीत येतात. काठावर गरुडाचे पांढरे पीस पडलेले दिसते आणि नातवासाठी ते उचलावेसे वाटते. उचलू नये. टकल्या गरुडाचे पीस नुसते जवळ बाळगणे हा १९४० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १९१८ च्या दुसऱ्या एका कायद्याने तेथील बहुतेक सर्व रानपक्ष्यांच्या पिसांना हीच बंदी आहे, मग ते आपोआप गळलेले का असेना. राष्ट्रीय उद्यानातील फुले, पाने, दगड यांनाही हात लावू नये. बिया आणि खाण्याचे पदार्थ पत्रातून भारतात पाठवू नयेत. नाणे किंवा बिल्ला घातल्यास पाकीट यंत्रात अडकते आणि त्यावर जादा आकार पडतो. पाठवायचेच असेल, तर पिसाचे चित्र काढून पाठवावे. माझे चित्र नातवाला कावळ्याचे वाटले, तरी चालले.

फोनबद्दल एकच सूचना. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की फोन आपोआप बोटीवरील उपग्रहाच्या जाळ्याला जोडला जाऊ शकतो आणि त्याचा आकार फार मोठा येतो, म्हणून बंदर सोडताना फोन विमान मोडवर टाकावा. लिहिण्यासही त्याने मदत होते.

शेवटची पायरी: नोंद

प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लहानसा क्रमांक घालावा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर क्रमांक, कोणाला, कोठे लिहिले, कोठे टाकले, असे चार रकाने आखून नोंद ठेवावी. पाचवा रकाना पोचल्याच्या तारखेसाठी कोरा ठेवावा आणि घरी परतल्यावर विचारून भरावा. त्यावरून पुढच्या वेळी कोणते बंदर चांगले ते कळते. आमच्या वहीप्रमाणे जूनो सर्वांत लवकर, सतरा दिवस. दोन महिने उलटूनही एखादे पत्र आले नाही, तर ते गेले असे समजावे, ज्याला लिहिले होते त्याच्याकडे जाऊन बसावे आणि त्यात काय लिहिले होते ते तोंडी सांगावे. सात क्रमांकाचे कार्ड मी माझ्या धाकट्या जावेला असेच नेरूळला जाऊन सांगितले, आणि तिने चहा ठेवता ठेवता विचारले, की तिकीट कोणते लावले होते.